तोट्यातली पाच वर्षं

४ मार्च

ताई,

पत्र कशासाठी लिहिलं ते पहिल्याच ओळीत सांगायचं असतं. ते मला जमणार नाही, म्हणून आधी इकडचं तिकडचं. फोन केला नाही, कारण फोनवर मी दोन मिनिटांत शिकवायला लागते, असं तूच म्हणायचीस. शिवाय तू उचलला नसतास तर ते मला आठ दिवस पुरलं असतं.

मी ठीक आहे. शाळा तीच, वर्गही तोच, तिसऱ्या मजल्यावरचा, ज्याच्या खिडक्या अर्ध्याच उघडतात. शेवटच्या दोन इयत्तांना 'व्यवसाय आणि अर्थशास्त्र' शिकवायचं हे माझं नववं वर्ष. पहिल्या वर्षी चौदा मुलं होती, तीही गणिताला घाबरून आलेली. आता दोन तुकड्या आहेत आणि बाकं कमी पडतात. मुलांनी माझं नाव तोटेबाई ठेवलंय. कुठलंही उदाहरण संपलं की मी विचारते, "आणि तोटा कुणाचा?" त्यावरून. परवा शिपायाच्या तोंडूनही ते निसटलं आणि त्याने जीभ चावली. मी मुकाट्याने ओ दिली.

दर वर्षी मुलांना तीन महिन्यांसाठी एक छोटी कंपनी काढायला लावते. यंदा एका गटाने जुन्या वह्यांची कोरी पानं काढून नव्या वह्या शिवल्या आणि हातोहात खपवल्या. हिशेब मांडला तर नफाच नफा. मी विचारलं, शिवायला किती तास लागले? म्हणाले, ते कशाला धरायचं, ते तर आम्हीच केलं. मग अख्खा तास त्याच्यावर गेला.

तू शिवलेला राखाडी कोट अजून चालतोय. वरून दुसरं बटण गेल्या वर्षी कुठेतरी पडलं, तिथे मी टाचणी लावते. मुली आधी टाचणीकडे बघतात आणि मग फळ्याकडे.

तुझ्या लेकीने हाच विषय घेतलाय, हे मला काकूकडून कळलं. तिचा निकाल लागला असेल. पुढच्या वर्षी विषय चालू ठेवायला पन्नास गुण लागतात. कमी पडले असतील तर फेरतपासणीचा अर्ज करता येतो. पालकाची सही लागते आणि शेवटची तारीख एकतीस मार्च आहे. अर्ज करून टाका. भावोजींना नमस्कार सांग.

मी

१२ मार्च

ताई,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, म्हणजे थोडी होती.

तिला त्रेचाळीस गुण आहेत. मला कसं माहीत ते विचारू नकोस. फक्त सही कर आणि अर्ज पाठव. राग माझ्यावर काढ, तिच्या वर्षावर नको.

१५ मार्च

ताई,

'विचारू नकोस' असं लिहून मीच घोळ घातला. माझ्या वर्गातल्या कुणी असं लिहिलं असतं तर मी लाल पेनाने गोल केला असता आणि लिहिलं असतं, इथे पाणी मुरतंय. तर ऐक.

हा अभ्यासक्रम बऱ्याच शाळांत आहे, पण परीक्षा सगळ्यांची एकच असते. तीन वर्षांपासून प्रश्नपत्रिका काढणाऱ्या समितीत मी आहे. उत्तरपत्रिका एका जागी गोळा होतात, वर फक्त आसन क्रमांक असतो, आणि आम्ही सात-आठ जण एका मोठ्या हॉलमध्ये बसून त्या तपासतो. एकेकाला एकेक प्रश्न वाटून दिलेला. माझ्याकडे पाचवा प्रश्न होता, वीस गुणांचा. सकाळी दहा ते चार, मध्ये एकदा चहा. चारशे उत्तरपत्रिका. शंभराच्या पुढे गेलं की अक्षरं दिसतात, माणसं दिसत नाहीत.

पाचवा प्रश्न म्हणजे एका दुकानाची हकीकत आणि त्याच्या पाच वर्षांच्या हिशेबाचा तक्ता. दुकान बटणांचं, दोऱ्यांचं, चेनचं. शेवटी विचारलंय: हे दुकान केव्हा बंद करायला हवं होतं, कारणांसह लिहा. ही हकीकत मी लिहिलेल्या पुस्तिकेतली आहे, सातव्या प्रकरणातली. शीर्षक 'तोट्यातली पाच वर्षं'. जो खर्च होऊन गेला त्याच्या मायेपोटी माणूस पुढेही तोटा करत राहतो, हे मुलांना समजावं म्हणून लिहिली होती.

दुकान कुणाचं ते तुला सांगायला नको.

नाव कुठेही घातलेलं नाही. पण आता वाटतं, न घालूनही सगळं घातलं. ड्रॉवरच्या तोंडावर नमुन्याचं एकेक बटण शिवलेलं, हे लिहिलं. उंच स्टूल लिहिलं. आणि बाबांची ती रीत लिहिली, जी तूही मोडली नाहीस: बटणांच्या प्रत्येक डझनातलं एक काढून ठेवायचं. अकराच विकायची. बारावं चिठ्ठीत गुंडाळून बरणीत टाकायचं, वर गिऱ्हाइकाचं नाव. त्याचं बटण कधी पडलं तर ते येणार, आणि त्याला ते फुकट द्यायचं. मी पुस्तिकेत त्याला 'पडून राहिलेला माल' म्हटलं. मुलं तिथे हमखास हसतात. मीही जरा थांबते, हसू द्यायला.

तुझ्या लेकीने ते ओळखलं. तिने त्याप्रमाणे उत्तर लिहिलं आणि नमुना उत्तराशी ते जुळलं नाही. मी वीसपैकी चार दिले. ती कोण हे मला नंतर कळलं, निकालाच्या याद्या आल्यावर.

म्हणून म्हणते, अर्ज कर. दुसरा परीक्षक बघेल.

२१ मार्च

ताई,

मागच्या पत्रातलं शेवटून तिसरं वाक्य, ती कोण हे नंतर कळलं म्हणणारं, खोटं आहे. पेटीत टाकलं तेव्हाच माहीत होतं. सहा दिवस ते माझ्या डोक्यात बसलंय. वर्गात दोनदा चुकीचं उदाहरण दिलं, आणि एका मुलीने उभं राहून ते सुधारलं.

ती कोण आहे हे मला तिच्या दुसऱ्या ओळीत कळलं होतं. "मी या दुकानाच्या काउंटरखाली बसून मोजायला शिकले," असं लिहिलंय तिने. पेन खाली ठेवलं. शेजारचे परीक्षक म्हणाले, काय हो, भलतंच काही लिहिलंय का? मी म्हटलं, हो, विषय सोडून आहे. नियम असा की ओळखीचं मूल आहे असं वाटलं तर उत्तरपत्रिका बाजूला काढून प्रमुखांकडे द्यायची. मी दिली नाही. तीच ओळ पुन्हा वाचली आणि मग पुढचं वाचलं.

तिचं उत्तर मला पाठ झालंय. असं आहे:

"प्रश्नातल्या तक्त्यात 'इतर खर्च' अशी एक ओळ आहे. दुकानाला इतका इतर खर्च नव्हता. त्या पाच वर्षांत मालकीणबाईंची धाकटी बहीण नोकरी सोडून पुन्हा शिकायला गेली होती आणि तिचे पैसे दुकानाच्या गल्ल्यातून जात होते. तो घरचा खर्च आहे, दुकानाचा नाही. तो वेगळा काढला तर पहिली तीन वर्षं दुकान तोट्यात नव्हतं. म्हणून ते केव्हा बंद करायला हवं होतं हे या तक्त्यावरून सांगता येत नाही. प्रश्न अपुरा आहे."

एवढंच. कुठे टोमणा नाही, माझं नाव नाही. सोळा वर्षांच्या पोरीने इतकं थंड लिहावं याचाच मला राग आला.

ताई, घरचा खर्च आणि धंद्याचा खर्च वेगळा मांडायचा, हे मी पहिल्या आठवड्यात शिकवते. पहिल्या आठवड्यात! ज्या मुलाला ते समजत नाही त्याला मी पुढचं प्रकरण उघडू देत नाही. आणि पुस्तिका मीच लिहिली, तक्ता मीच केला, काकूकरवी तुझ्याकडून दुकानाच्या जुन्या वह्या मागवून घेऊन. तू कशाला हव्यात एवढंही विचारलं नाहीस. जाणाऱ्या माणसाबरोबर पाठवून दिल्यास, वर वर्तमानपत्राचं कव्हर घालून.

मला माहीत नव्हतं असं आता कसं म्हणू? वर्षातून दोनदा, सत्र सुरू व्हायच्या आठवड्यात, तुझ्या अक्षरात 'इतर' आणि पुढे आकडा. तू 'धाकटीची फी' असं कधीच लिहिलं नाहीस. वही कुणाच्या हाती पडली तर मला ओशाळं व्हायला नको म्हणून नसशील लिहिलं. प्रत्येक 'इतर' कुठल्या सत्राचा हे मी सांगू शकले असते. 'इतर' म्हणजे मी. हे जाणून मी ती ओळ जशीच्या तशी तक्त्यात उतरवली, दुकानाच्या तोट्यात.

का, तर तसं न करावं तर दुसरंच काही निघत होतं. दुकान तुझ्या हट्टाने बुडालं नाही, माझ्यापायी दमलं, असं निघत होतं. ते मला नको होतं. हट्टी दुकानदार शिकवायला सोपा असतो.

आता तो दिवस. तुला आठवत असेलच, पण मी तो कधी मोठ्याने बोललेले नाही. तू दुकान आवरत होतीस. ड्रॉवर रिकामे करून खोक्यात भरत होतीस, दोन शिंपी उरलेल्या मालाचा भाव करत उभे होते. मी नुकती पदवी घेऊन आलेली, हातात अजून नेमणुकीचं पत्र. आणि त्या शिंप्यांसमोर मी शहाणपणा पाजळला. "ताई, हे दुकान तू पाच वर्षांपूर्वीच बंद करायला हवं होतंस," असं म्हटलं, वर त्याचं कारणही समजावलं. तू खोक्यावर दोरी बांधत होतीस. गाठ मारलीस, कात्रीने टोक कापलंस, आणि विचारलंस, "जेवून जाणार ना?"

मी ते कबुली समजले. हिला उत्तर सुचलं नाही, म्हणून जेवणावर नेलं, असं. नऊ वर्षं तसंच समजत होते. तुम्ही गाव सोडलंत ते भावोजींच्या बदलीमुळे, असं सगळ्यांना सांगत होते. काकूने एकदा विचारलं, मग बहिणी-बहिणी बोलत का नाही? मी म्हटलं, दोघींना वेळ नसतो.

तिला चार गुण दिले ते रागाने दिले, हे आता लिहिलं. दहा दिवस राहिलेत. माझ्यावर थुंक हवं तर, पण अर्जावर सही कर.

२६ मार्च

ताई,

उत्तर आलं, पण तुझं नाही. तुझ्या लेकीचं. पाकिटावर तुझं अक्षर बघून मी ते जिन्यातच फोडलं आणि आत तिचं निघालं, तेव्हा क्षणभर वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

ती लिहिते, आई पत्रं वाचते, पुन्हा घडी घालते आणि बरणीच्या शेजारी ठेवते. म्हणजे बरणी अजून आहे. मला वाटलं होतं तीही शिंप्यांना गेली.

पुढे लिहिते, आई सही करायला तयार आहे, मीच नको म्हटलं. तिचं म्हणणं असं: फेरतपासणी करणाऱ्याकडे तेच नमुना उत्तर जाणार. तो चाराचे पाच करेल, फार तर सहा. आणि पुढच्या वर्षी चारशे मुलं पुन्हा लिहिणार की बाई हट्टी होती. "मावशी, मला गुण नकोत असं नाही. गुण हवेतच. पण चूक माझ्या उत्तरात नाही तर मी अर्ज का करू? ज्याची चूक त्याने अर्ज करावा."

हे वाचून मी जिन्यातच बसले. वरच्या मजल्यावरचे आजोबा पिशवी घेऊन चालले होते, त्यांनी विचारलं, चक्कर आली का? म्हटलं, नाही, भाची.

बरोबर आहे तिचं. मी तुझ्याकडे सही मागत होते, म्हणजे माझी सही टळणार होती. चार पत्रं लिहिली, आणि चारही पत्रांत ताई, तू हे कर, तू ते कर. कंपनीत मुलं असंच करतात, तोटा झाला की गटातल्या सगळ्यात गप्प पोरीच्या नावावर घालतात.

परीक्षकाने स्वतः लिहून दिलं तर समिती उत्तरपत्रिका पुन्हा उघडते, असा नियम आहे. कुणी कधी वापरला असेल असं वाटत नाही. वापरला तर ओळख लपवली हेही लिहावं लागेल, मग समितीत राहता येणार नाही, आणि पुस्तिकेचंही कठीण आहे. ती पुस्तिका माझी एकुलती एक कमाई आहे, ताई. तिच्यावर माझं नाव छापलंय. मला भीती वाटतेय, हे तुला सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

३० मार्च

ताई,

दिलं लिहून. दोन पानं. पहिल्या पानावर तक्त्यातली चूक, दुसऱ्यावर माझी. समितीच्या प्रमुख बाईंनी ते माझ्यासमोरच वाचलं. चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाल्या, तुम्ही हे नसतं दिलंत तर कुणाला कळलं नसतं. मी म्हटलं, दोघींना कळलेलं आहे.

१९ एप्रिल

ताई,

निकाल तुम्हाला कळलाच असेल, पण मला सांगू दे.

नवा परीक्षक दुसऱ्या शाळेचा, मला न ओळखणारा. नमुना उत्तर बाजूला ठेवून तपासा असं त्याला सांगितलं होतं. त्याने वीसपैकी अकरा दिले. मी आधी चिडले, अकराच? मग उत्तर आठवून बघितलं. पहिली तीन वर्षं तोटा नव्हता असं तिने लिहिलं, पण करून दाखवलं नाही, आकडे मांडलेच नाहीत. गुण जाणारच. मी बारा दिले असते. चाराचे अकरा झाले, त्रेचाळीसचे पन्नास. अगदी काठावर, पण पुढच्या वर्षात गेली. तिला सांग, मावशी म्हणते आकडे मांडायचा कंटाळा करू नकोस.

समितीतून मला काढलं. पुस्तिका वर्षभर थांबवलीय, सातवं प्रकरण नव्याने लिहून द्यायचंय. प्रमुख बाई हळूच म्हणाल्या, ते प्रकरण गाळून टाका, सोपं पडेल. मी नाही म्हटलं. मुलांना दोन्ही तक्ते द्यायचे ठरवलंय, चुकलेला आणि सुधारलेला, आणि विचारायचं, या दोन तक्त्यांच्या मधल्या फरकात कोण राहतं?

वर्गात काल करून बघितलं. सगळी हकीकत सांगितली, फक्त दुकान आपलं हे सांगितलं नाही. ठरवलं होतं, पण ऐन वेळी धीर झाला नाही. मुलं भांडली. निम्मी म्हणाली, दुकान चालू ठेवणं हा तोटाच, बहिणीला कर्ज काढून शिकता आलं असतं. बाकीची म्हणाली, मग व्याज कोण भरणार? शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "बाई, पण आणि तोटा कुणाचा?" सगळा वर्ग हसला. मी खिडकीकडे वळले. खिडकी अर्धीच उघडते, तिकडे बघण्यासारखं काही नाही, तरी बघत राहिले. मग सांगितलं त्यांना, धाकटी बहीण मी. कुणी हसलं नाही.

एक मात्र स्पष्ट लिहिते, नाहीतर तुला वाटेल मी विरघळले. शेवटची दोन वर्षं दुकान खरंच तोट्यात होतं. मी पुन्हा करून बघितलं, तीनदा. ते मी मागे घेत नाही. पण त्या दोन वर्षांत माझं शेवटचं सत्र होतं आणि नंतरचं प्रशिक्षण होतं. तुलाही तोटा दिसत होता, कारण वहीत तू प्रत्येक महिन्याखाली दोन रेघा मारून तो लिहिलायस. तुला हिशेब कळत नव्हता असं मी नऊ वर्षं शिकवत आले. तुला सगळं कळत होतं, आणि तरी तू शटर वर करत होतीस.

मला माफ कर, ताई. हे आधीच्या एकाही पत्रात नव्हतं, हे आज माझ्या लक्षात आलं.

आता आजचं. शाळेतून आले तर दारात पाकीट. तुझं अक्षर. या वेळी जिन्यात फोडलं नाही, घरी आले, चप्पल काढली, टेबलाशी बसले. आत पत्र नव्हतं. बोटाएवढी एक चिठ्ठी होती, घट्ट गुंडाळलेली, कडा पिवळ्या पडलेल्या. उलगडली तर राखाडी बटण. चार भोकांचं, कडेला बारीक रेघ. मी उठून कोट आणला आणि टाचणीच्या खालच्या बटणाशेजारी धरून बघितलं.

चिठ्ठी तू आता लिहिलेली नाहीस. शाई विटली आहे. वर तारीख आहे, मी नोकरी सोडून शिकायला गेले त्या आठवड्याची, आणि खाली गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी लिहिलंय, 'धाकटी. कोट.'

माझी पत्रं तू बरणीशेजारी का ठेवतेस ते कळलं.

बटण मी लावणार नाही. मला लावता येतं, पण नाही. शुक्रवारी अर्धा दिवस शाळा आहे, दुपारच्या गाडीने निघते. कोट घालूनच येईन, टाचणी लावून. सुई-दोरा तुझ्याकडे असेलच.

आणि हो, जेवून जाणार.

धाकटी